तुझ्या तळहाताला उत्तर येत होतं

पत्र मोठं आहे, थोडक्यात देते. लिहिणारी सोलापूरची, बी.फार्म पहिलं वर्ष, आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर, दहावीपर्यंत मराठी मीडियम. ती लिहिते, "ताई, मेम्ब्रेन ट्रान्सपोर्ट आणि ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम हे दोन चॅप्टर मी तीन-तीनदा पाठ केले तरी डोक्यात नुसती खिचडी आहे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी विचारलं, घामाच्या ग्रंथीला कुठली नर्व्ह जाते आणि तिथं कुठलं केमिकल सुटतं. मी म्हटलं सिम्पथेटिक, नॉरॲड्रेनलिन. सर हसले. मग म्हणाले पंप आणि चॅनेलमधला फरक तरी सांग, तर माझं तोंडच सुकलं, हात गार पडले, छातीत धडधड, आणि तळहात इतके ओले झाले की जर्नलचं पान हाताला चिकटलं. एक शब्द फुटला नाही. सेशनल परीक्षेला तीन आठवडे आहेत. मराठी मीडियममुळे मला हे जमत नाहीये का? लाईन बदलू का?"

अगं पोरी, आधी ते हसण्याचं बोलते. सरांनी हसायला नको होतं. पहिल्या वर्षाची पोरगी समोर थरथरत उभी असताना हसलं की तिला पुढचे सहा महिने तो विषय उघडायची भीती वाटते, मी बरीच वर्षं नर्सिंग आणि फार्मसीच्या पोरींना फिजिऑलॉजी शिकवलीय, असं होताना डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांचा प्रश्न मात्र चांगला होता, आणि गंमत बघ, त्याचं उत्तर तेव्हा तुझ्या तळहातावर ओलं होऊन बसलं होतं. तू पाठ केलेला अख्खा चॅप्टर तुझ्या अंगात त्या दोन मिनिटांत चालू होता. म्हणून लाईन बदलायचा विचार आत्ता बाजूला ठेव, निदान या कारणासाठी तरी नको.

तुझी खिचडी होतेय त्याचं कारण मला इंग्रजी वाटत नाही. तू दोन चॅप्टर दोन वेगळ्या वह्यांत वेगवेगळे पाठ करतेयस, म्हणून होतेय. ते दोन नाहीतच. ऑटोनॉमिक म्हणजे आपण न सांगता हृदय, घाम, आतडं चालवणाऱ्या नर्व्ह, निरोप पाठवणारी माणसं, आणि मेम्ब्रेन ट्रान्सपोर्ट म्हणजे ज्या दारांवर तो निरोप जाऊन पोचतो ती दारं. निरोप कितीही मोठा असू दे, हृदय पळव, घाम सोड, डोळ्याची बाहुली बारीक कर, शेवटी कुठल्या तरी पेशीच्या पडद्यावर दार उघडतं नाहीतर बंद होतं, तेव्हाच काम होतं. हे एकदा डोक्यात बसलं की टेबल पाठ करायची गरज निम्म्यानं कमी होते.

आता पंप आणि चॅनेल. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तुझ्याकडेही तसंच असणार. पाणी आलं की खालच्या हौदातून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, लाईट गेली की चढणं बंद. पण एकदा टाकी भरली की मोरीतला नळ सोडायला लाईट लागत नाही, नुसती चावी फिरवायची. मोटर म्हणजे पंप, नळ म्हणजे चॅनेल. झालं की गं. पेशीची टाकी म्हणजे सोडियम-पोटॅशियमचा फरक. बाहेर सोडियम लिटरला साधारण १४० ते १४५ मिलीमोल, आत १० ते १५. पोटॅशियम उलटं, आत १४० च्या आसपास आणि बाहेर फक्त ४-५. हा फरक आपोआप राहत नाही, सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, रात्रंदिवस. १९५७ साली येन्स स्कू नावाच्या डॅनिश माणसानं खेकड्याच्या पायाच्या नर्व्ह घेऊन हा पंप शोधला आणि त्याला नोबेल मिळालं १९९७ ला, चाळीस वर्षांनी.

तू पत्रात एका ठिकाणी लिहिलंयस की ॲक्टिव्ह म्हणजे फास्ट आणि पॅसिव्ह म्हणजे स्लो. हे काढून टाक डोक्यातनं. उलट आहे. चॅनेल उघडं असलं की सेकंदाला दहा लाखांच्या वर आयन, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारखे चार्ज असलेले कण, जातात, पंप बिचारा सेकंदाला शंभराच्या घरात. ॲक्टिव्ह म्हणजे चढावर ढकलणं, पैसे मोजून. पॅसिव्ह म्हणजे उतारावर सोडणं. वेगाचा काही संबंध नाही.

मधला प्रकार राहिला, कॅरिअर. त्याला मी आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला पाळणा म्हणते. एका बाजूला बसायचं, पाळणा फिरतो, दुसरीकडे उतरायचं, आणि सीटा मोजक्या. बाहेर लाईन होम मैदानाच्या टोकापर्यंत गेली तरी एका फेरीत तेवढीच माणसं. पुस्तकात सॅच्युरेशन म्हणतात ते हेच. आणि को-ट्रान्सपोर्ट म्हणजे एसटीत आईच्या मांडीवर बसून फुकट येणारं पोर. सोडियम उताराच्या जोरावर आत शिरतंय, ग्लुकोज त्याच्या मांडीवर. आतड्यात दोन सोडियम मिळून एक ग्लुकोज आत आणतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं, म्हणून ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही लागतात, नुसत्या साखरपाण्यानं किंवा नुसत्या मीठपाण्यानं तसं काम होत नाही. १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर हेच पाणी पिंपांतून प्यायला दिलं आणि कितीतरी लोक वाचले. मांडीवरच्या पोराची ही ताकद आहे बघ, मला हे शिकवताना अजूनही भरून येतं.

बरं आता निरोपवाल्यांकडे. त्यांचे दोन गट. सिम्पथेटिक, म्हणजे धावपळीच्या-घाबरण्याच्या वेळी अंग तयार करणारी, पाठीच्या कण्यातून निघते, छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्यापर्यंत. पॅरासिम्पथेटिक, थोडक्यात पॅरा, म्हणजे निवांत वेळी काम करणारी, डोक्यातून आणि बुडातून, म्हणजे क्रेनिअल नर्व्ह ३, ७, ९, १० आणि सेक्रल २ ते ४. दोन्हींत दोन-दोन माणसं, पहिला निरोप्या गँगलिअनपर्यंत, म्हणजे नर्व्हच्या जंक्शनपर्यंत, जातो, तिथं दुसऱ्याच्या हातात देतो. या पहिल्या हस्तांतराला दोन्हीकडे ॲसिटिलकोलिन हेच केमिकल असतं, अपवाद नाही, आणि तिथला रिसेप्टर, म्हणजे केमिकल जिथं बसतं ती खुर्ची, निकोटिनिक. हे नाव तुला तर विसरता येणारच नाही गं, तुझ्या घरातच आहे ते. आईला विचार, नवीन बाई तंबाखूत हात घालून विड्या वळायला बसली की पहिल्या काही दिवसांत तिला गरगरतं, मळमळतं, की नाही. निकोटिन श्वासातून आणि ओल्या हातातनं अंगात शिरतं आणि ॲसिटिलकोलिनच्या खुर्चीत जाऊन बसतं. निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे स्वतःच एक चॅनेल आहे, खुर्चीत बसलं की दार उघडतं, सोडियम आत.

दुसऱ्या निरोप्याच्या टोकाला फरक पडतो. पॅरामध्ये परत ॲसिटिलकोलिन, रिसेप्टर मस्करिनिक. सिम्पथेटिकमध्ये बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनलिन, तू तेच बोललीस. पण घामाच्या ग्रंथीला सिम्पथेटिक नर्व्ह असूनसुद्धा केमिकल ॲसिटिलकोलिन आणि रिसेप्टर मस्करिनिक. म्हणजे तुझं अर्धं उत्तर बरोबर होतं, सरांनी तेवढं तरी म्हणायला हवं होतं.

आता मी सांगते तसं कर. सगळे चॅप्टर बंद कर आणि एकच घामाचा थेंब धर. ऑक्टोबरची दुपार आहे, पत्र्याच्या खोलीत पंखा बंद, आई सूप मांडीवर घेऊन बसलीय, तिच्या वरच्या ओठावर बारीक दवासारखे ठिपके आलेत. त्यातला एक ठिपका मोठा होतो, बाजूच्याला जाऊन मिळतो आणि ओघळतो. त्या एका ठिपक्याच्या मागे मागे जा.

डोक्यात हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला, कळलं की रक्त तापलंय. निरोप कण्यातून निघाला, गँगलिअनला पोचला, दुसरा निरोप्या धावत ग्रंथीपाशी आला. नर्व्हच्या टोकाला ॲसिटिलकोलिन आधीच पुड्यांत भरून तयार असतं, जसं आई विड्यांची बंडलं बांधून कारखान्यात द्यायला ठेवते तसं. टोकाला करंट आला की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसलं की पुड्या पडद्याला चिकटतात आणि बाहेर फुटतात. हे झालं एक्सोसायटोसिस. ॲसिटिलकोलिन ग्रंथीच्या पेशीवर एम-३ नावाच्या मस्करिनिक रिसेप्टरला लागतं, हा स्वतः चॅनेल नाही, हा आत निरोप देतो आणि पेशीच्या आतलं साठवलेलं कॅल्शियम बाहेर काढतो, त्यानं घामाच्या नळीच्या बाजूची क्लोराईडची दारं उघडतात. क्लोराईड नळीत. ते निगेटिव्ह, म्हणून सोडियम पेशींच्या मधल्या फटीतून त्याच्यामागे. मीठ जमलं की पाणी मागून, ऑस्मोसिसनं, ॲक्वापोरिन नावाच्या पाण्याच्या खास दारातून. या ॲक्वापोरिनचा शोध पीटर ॲग्रेनं १९९२ ला लावला, नोबेल २००३. आणि क्लोराईड पेशीत आलं कुठनं? मागच्या बाजूला एक को-ट्रान्सपोर्टर आहे, एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराईड एकदम आत आणणारा, तो चालतो सोडियमच्या उतारावर, आणि तो उतार कोण टिकवतो तर आपली मोटर, सोडियम-पोटॅशियम पंप. बघ, एका थेंबात चॅनेल आलं, पंप आला, को-ट्रान्सपोर्ट आला, ऑस्मोसिस आला, एक्सोसायटोसिस आला. तुझा अख्खा पहिला चॅप्टर आईच्या ओठावर.

अजून संपलं नाही. ग्रंथीच्या तळाशी तयार झालेला घाम रक्ताइतकाच खारट असतो, पण वर येताना नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराईड परत आत ओढतात, म्हणून चामडीवर येतो तो कमी खारट. आणि काम झाल्यावर ॲसिटिलकोलिनचं काय? कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाईम त्याचे दोन तुकडे करतं, कोलिनचा तुकडा परत नर्व्हच्या आत जातो, तोसुद्धा सोडियमच्या मांडीवर बसून, आणि नव्या पुडीत भरला जातो. काही वाया जात नाही, आपल्या घरांसारखंच.

असाच एक दुसरा रस्ता हृदयाचा कर. व्हेगसच्या, म्हणजे पॅराच्या क्रेनिअल नर्व्ह १० च्या, टोकाला तेच ॲसिटिलकोलिन सुटतं पण तिथं रिसेप्टर एम-२, आणि त्यानं पोटॅशियमची दारं उघडतात. पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी आतून जास्त निगेटिव्ह होते, पुढचा ठोका पडायला वेळ लागतो, हृदय हळू होतं. केमिकल एकच, ग्रंथीत घाम सोडतं आणि हृदयात ब्रेक लावतं, कारण दार वेगळं. म्हणून तू लिहिलंयस ना की सिम्पथेटिक म्हणजे चालू आणि पॅरा म्हणजे बंद, ते चुकतं. पॅरा लाळ सुरू करते, आतडं सुरू करते, बाहुली आवळते. दर वेळी विचारायचं, दार कुठलं.

आणि हे केमिकलनं होतं हे कसं कळलं ती गोष्ट तर व्हायवात सांगायला फार छान आहे. १९२१ च्या सुमारास ऑस्ट्रियात ओटो लोवीला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, त्यानं झोपेतच कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं तर हा उठून सरळ लॅबमध्ये गेला. बेडकाची दोन हृदयं, पहिल्याची व्हेगस उत्तेजित केली, ते हळू झालं, त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्यावर घातलं, तर तेही हळू झालं, त्याला नर्व्ह नसताना. म्हणजे निरोप पाण्यातून गेला. हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला आणि लोवीला मिळून १९३६ चं नोबेल मिळालं.

आता फार्मसीवाल्या पोरीला हे का कळलं पाहिजे ते सांगते, कारण चौथ्या सेमला फार्माकॉलॉजीत हेच सगळं परत समोर येणारेय. महादेवाला आपण धोतरा वाहतो, पांढरी कण्हेर वाहतो. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि त्याची भावंडं असतात, ती मस्करिनिक खुर्च्या अडवून बसतात. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचं तोंड कोरडं ठक्क, बाहुल्या मोठ्या, नाडी पळतेय, अंग तापलेलं आणि घाम नाही, बडबड. आता याच्या बरोब्बर उलटं चित्र बघ, द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत ऑरगॅनोफॉस्फेट औषध फवारताना तोंडाला फडकंसुद्धा न बांधलेला माणूस. ते औषध कोलिनएस्टरेज बंद पाडतं, ॲसिटिलकोलिन साठत जातं, तोंडाला फेस, डोळ्यातनं पाणी, अंग घामानं निथळतंय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद. आणि हॉस्पिटलात त्याला देतात काय, ॲट्रोपिन. धोतऱ्यातलंच. हे दोन पेशंट डोळ्यासमोर उभे केलेस की मस्करिनिकची यादी वेगळी पाठ करायला नको, एकाची उलटी केली की दुसरी.

कण्हेरीचं वेगळं आहे, तिचं विष मोटरच जाम करतं, सोडियम-पोटॅशियम पंप. हृदयासाठी डिगॉक्सिन देतात ते त्याच जातीचं औषध, डोस थोडा वर-खाली झाला तरी जीवावर बेतणारं. हायवेच्या डिव्हायडरवर सगळीकडे फुललेली असते, तिला नुसतं बघून तुला पंप आठवला पाहिजे. घरात लहान भावंडं असतील तर पानं-फुलं तोंडात घालू देऊ नका एवढं त्यांना सांग, पिवळ्या बिट्टीचंसुद्धा.

इंग्रजीचं आता. पेपर इंग्रजीत आहे, ते टाळता येणार नाही, पण समजणं इंग्रजीत व्हायला लागतं असं कुणी सांगितलं? संध्याकाळी आई विड्या वळत असताना समोर बस आणि तिला घामाची गोष्ट मराठीत सांग, पुस्तक न बघता. जिथं अडखळशील ती जागा तुला येत नाही, बाकी सगळं येतं. आई मधेच विचारेल, मग ते मीठ परत कशाला ओढतं गं, असले प्रश्न व्हायवाच्या प्रश्नांपेक्षा चांगले असतात. चॅनेल, पंप, रिसेप्टर हे शब्द तसेच ठेव, त्यांना मराठी करत बसू नको. मग तीच गोष्ट इंग्रजीत लिही, चार-पाच शब्दांच्या बारक्या वाक्यांत, एक दार एक वाक्य. पहिला आठवडा फक्त घामाचा थेंब, दुसरा हृदय आणि बाहुली, तिसऱ्यात पुस्तकातलं टेबल उघड आणि त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या दारावर जाते ते बाजूला पेन्सिलनं लिही. रात्री आरशासमोर मोबाईलचा टॉर्च बाजूनं डोळ्यावर आणून बाहुली आवळताना एकदा बघ, क्रेनिअल नर्व्ह ३ समोर काम करताना दिसते.

आणि व्हायवाच्या दारात उभी असताना परत तोंड सुकलं तर घाबरू नको, लाळ सोडायचं पॅराचं काम थोडं थांबलंय एवढंच. हात गार पडलेत ते चामडीच्या रक्तवाहिन्या नॉरॲड्रेनलिननं आवळल्यात म्हणून. एक घोट पाणी पी आणि श्वास सावकाश, लांब सोड. आत्ताच करून बघ, मनगटावर नाडी धर, श्वास घेताना ती जराशी पळते आणि सोडताना हळू होते, ती व्हेगस तुझ्या बोटाखाली. सोडणं लांबवलंस की तिला जास्त वेळ मिळतो.

पुढच्या पत्रात मला एक उत्तर लिहून पाठव, मराठीत चालेल. सावकाश येणारा घाम कमी खारट असतो आणि मे महिन्यात भरभर निथळणारा घाम जास्त खारट. का? नळी आठव आणि गड्ड्यातला पाळणा आठव.